'ऑल्बीइट' : एका जुन्या इंग्रजी शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाषांतर करताना पारिभाषिक शब्द मला फारसे छळत नाहीत. कोश उघडला की ते सापडतात. अडवून धरतात ते वाक्याचे दोन तुकडे सांधणारे बारके शब्द. त्यांतला 'ऑल्बीइट' मला फार आवडतो, आणि त्याच्याबद्दलच मला सगळ्यांत जास्त विचारलं जातं. भाषांतर शिकायला येणारी मुलं विचारतात, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विचारतात, रोज सकाळी इंग्रजी पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणारे आमच्या सोसायटीतले काका विचारतात. प्रश्न साधारण तेच असतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत, म्हणून हे पान. या शब्दाचं स्पेलिंग ए-एल-बी-ई-आय-टी असं आहे.

'ऑल्बीइट'चा अर्थ काय?

'असलं तरी' किंवा 'का होईना'. बोलणारा एक गोष्ट ठामपणे सांगतो आणि त्याच दमात तिच्यातली उणीव किंवा मर्यादा कबूल करतो. कबुली दिली म्हणून मूळ विधान मात्र मागे घेत नाही. 'ही केम, ऑल्बीइट लेट' म्हणजे 'उशिरा का होईना, तो आला'. उशीर झाला हे मान्य, पण सांगायचंय ते तो आल्याचं.

शाळेत उभयान्वयी अव्ययं शिकताना 'पण, परंतु, परी' ही न्यूनत्वबोधक आणि 'जरी-तरी' हे संकेतबोधक असं आपण पाठ केलेलं असतं. 'ऑल्बीइट' अर्थाने 'जरी'च्या जवळचा आहे, पण वाक्यात वागतो बराचसा 'पण'सारखा. त्याला एका खणात बसवायचा हट्ट धरला की गोंधळ होतो. मुलांना मी खण विसरून आधी दहा वाक्यं वाचायला सांगते.

उच्चार कसा करायचा?

ऑल्-बी-इट. तीन अवयव, जोर मधल्या 'बी'वर. 'अल्बेट', 'आल्बाइट' हे उच्चार सर्रास ऐकू येतात, कारण हा शब्द आपल्याला कानांआधी डोळ्यांनी भेटतो. मलाही तो पुस्तकातच भेटला आणि मी कित्येक वर्षं मनातल्या मनात तो 'अल्बाइट' असाच वाचत होते. 'ऑल', 'बी', 'इट' हे तीन शब्द वेगळे दिसले, त्या दिवसापासून उच्चार कधी चुकला नाही. हा शब्द कसा बनला ते कळलं की तो कसा म्हणायचा तेही कळतं.

मग हा तीन शब्दांचा मिळून झालेला आहे का?

होय. त्याचा सगळा जन्म त्या तीन शब्दांत आहे. 14व्या शतकातल्या इंग्रजीत, म्हणजे ज्याला अभ्यासक मध्ययुगीन इंग्रजी म्हणतात त्या भाषेत, तो 'अल बी इट' असा सुटा लिहिला जायचा.

यातला 'अल' म्हणजे आजचा 'ऑल'. त्याचा अर्थ 'सगळं, पूर्णपणे'. पण त्या काळी त्याचा आणखी एक उपयोग होता. वाक्याच्या तोंडाशी 'अल' ठेवून लगेच क्रियापद आणि त्यानंतर कर्ता आणला की 'जरी' असा अर्थ व्हायचा. त्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याच्या कँटरबरीच्या कथांच्या प्रस्तावनेत 'अल स्पीक ही' अशा धाटणीची एक ओळ आहे. शब्दशः 'सगळं बोलो तो', आणि अर्थ 'तो कितीही आडदांडपणे बोलला तरी'. दुसऱ्याचे शब्द सांगायचे तर जसेच्या तसे सांगावे लागतात, मग मूळ माणूस कसाही बोललेला असो, असं चॉसर तिथे म्हणतो. भाषांतर करणारीला ही ओळ विसरता येत नाही.

'बी' म्हणजे 'असो'. आणि 'इट' म्हणजे 'ते'.

तिन्ही जोडले की 'पूर्णपणे असो ते', म्हणजे 'ते तसं असलं तर असू दे'. हे एक पूर्ण वाक्य आहे, त्यात कर्ता आहे आणि क्रियापदही आहे. शेकडो वर्षांच्या वापराने ते आटत आटत एका शब्दाएवढं झालं. 'ऑल्दो' या शब्दातही हाच 'ऑल' आहे. 'दो' म्हणजे 'तरी', आणि त्याला जोर द्यायला पुढे 'ऑल' लावला. 'ऑलरेडी', 'ऑलवेज', 'ऑलमोस्ट' यांच्यासारखाच इथेही जोडताना एक 'एल' गळला. स्पेलिंगमध्ये दोन 'एल' लिहिण्याची चूक यामुळे टाळता येते.

'बी' का? 'इज' का नाही?

या प्रश्नाचं उत्तर मराठी माणसाला इंग्रज माणसापेक्षा लवकर पटतं, असा माझा अनुभव आहे.

'इज' म्हणजे 'आहे'. ते वस्तुस्थिती सांगतं. 'बी' हे इथे क्रियापदाचं दुसरंच रूप आहे. इच्छा, आशीर्वाद, कल्पना, मान्यता असं काही सांगायचं असताना जुन्या इंग्रजीत ते वापरलं जायचं. आजच्या इंग्रजीत ते जवळपास संपलं आहे, पण काही ठरलेल्या बोलांत टिकून आहे. 'सो बी इट' म्हणजे 'तथास्तु'. 'लाँग लिव्ह' म्हणजे 'चिरायू होवो'. 'गुडबाय' हा रोजचा शब्दसुद्धा 'गॉड बी विथ यू', म्हणजे 'देव तुझ्या सोबत असो', याचंच झिजलेलं रूप आहे. त्यातही हाच 'बी' लपलेला आहे.

मराठीत हे रूप अजून धडधाकट आहे. 'उदंड आयुष्य लाभो', 'देव तुझं भलं करो', 'काहीही होवो'. पसायदान आठवा : 'दुरितांचे तिमिर जावो', 'जो जे वांछील तो ते लाहो'. जावो, पाहो, लाहो. वर्गात मी एवढंच सांगते की 'ऑल्बीइट'मधला 'बी' म्हणजे पसायदानातला तो शेवटचा 'ओ'. मग 'इज' का नाही, हे परत कुणी विचारत नाही.

हा शब्द अरबी, लॅटिन किंवा जर्मन आहे का?

नाही. 'अल्जिब्रा', 'अल्कोहोल' यांतला 'अल' अरबी आहे, त्यामुळे शंका येणं साहजिक आहे. पण तो 'अल' म्हणजे इंग्रजीतल्या 'द'सारखं अरबी उपपद आहे आणि त्याचा या शब्दाशी संबंध नाही. फेल्डस्पार गटात 'अल्बाइट' नावाचं एक खनिज आहे. ते सहसा पांढरं असतं आणि त्याचं नाव लॅटिनमधल्या 'पांढरा' या अर्थाच्या शब्दावरून आलंय. जर्मन 'आर्बाइट' म्हणजे काम. ही सगळी नुसती आवाजाची जवळीक आहे. 'ऑल्बीइट'चे तिन्ही तुकडे अस्सल देशी इंग्रजी आहेत.

किती जुना आहे? कोणी कोणी वापरला?

14व्या शतकापासून तो लेखनात सापडतो. चॉसर 1400 साली वारला. त्याच्या कँटरबरीच्या कथांमध्ये ऑक्सफर्डला शिकणारा एक विद्यार्थी येतो. त्याचा घोडा हडकुळा आहे, तोही काही अंगाने भरलेला नाही, अंगावरचा कोट विरलेला आहे, आणि उशाशी ॲरिस्टॉटलचे वीस ग्रंथ असावेत एवढी एकच त्याची हौस आहे. त्याच्याबद्दल चॉसर लिहितो की तो तत्त्वज्ञ असला तरी त्याच्या पेटीत सोनं थोडकंच होतं. या 'असला तरी'साठी मूळ शब्द आहेत 'अल बी दॅट'. 'अल बी इट'चा हा सख्खा भाऊ. त्या काळी किमया करून सोनं बनवू पाहणाऱ्यालाही 'तत्त्वज्ञ' म्हणायचे, म्हणून ती ओळ दुहेरी आहे. दोन्ही अर्थ त्या एका 'जरी'वर तोललेले आहेत.

शेक्सपियरच्या 'ऑथेल्लो'त हा शब्द शेवटच्या प्रवेशात येतो. देवलांनी 'झुंझारराव' या नावाने मराठीत आणलं ते हेच नाटक. स्वतःला संपवण्याआधी ऑथेल्लो म्हणतो, माझ्याबद्दल लिहाल तेव्हा हे लिहा : ज्याच्या डोळ्यांना विरघळण्याची सवय नव्हती, तरी ज्याने अरबस्तानातल्या झाडांना डिंक पाझरावा तशी आसवं गाळली, असा हा माणूस. सवय नव्हती, 'ऑल्बीइट'. त्या सेनापतीचं सगळं आयुष्य त्या 'तरी'च्या अलीकडे आहे आणि रडणं पलीकडे. मला या शब्दाचा लळा लागला तो इथे.

1611 साली राजा जेम्सच्या काळात छापल्या गेलेल्या इंग्रजी बायबलमध्येही तो आहे. पौलाने फिलेमोनाला लिहिलेल्या छोट्या पत्रात पौल म्हणतो की तुझा दास ओनेसिम याचं काही देणं असेल तर मी फेडीन, 'ऑल्बीइट' तू स्वतःच माझा ऋणी आहेस हे मी बोलून दाखवत नाही. बोलत नाही म्हणता म्हणता तो बोलून मोकळा झाला आहे.

इतका जुना शब्द आजच्या पेपरात कसा?

मधे तो खरोखरच मागे पडला होता. 20व्या शतकाच्या पूर्वार्धात चांगलं इंग्रजी शिकवणारी मंडळी त्याला जुनाट म्हणून बाजूला ठेवत. शतकाच्या उत्तरार्धात तो परत आला आणि आज अग्रलेख, शोधनिबंध, आपल्या न्यायालयांची इंग्रजी निकालपत्रं अशा सगळ्या ठिकाणी भेटतो. 'हाउबीइट' हा त्याचा चुलतभाऊ मात्र परतला नाही. त्याची घडण तीच, 'कसं का असेना ते', पण आज तो जुन्या ग्रंथांबाहेर दिसत नाही.

एक वाचला आणि एक गेला याचं कारण मला असं वाटतं : 'ऑल्बीइट'ला एक काम सापडलं. पूर्वी त्याच्यामागे सबंध उपवाक्य यायचं, कर्ता-क्रियापदासकट. आज तो बहुतेक एखाद्या विशेषणाच्या, क्रियाविशेषणाच्या किंवा चार शब्दांच्या तुकड्याच्या पुढे बसतो. 'ऑल्बीइट स्लोली', 'ऑल्बीइट ब्रीफली', 'ऑल्बीइट विथ सम डिफिकल्टी'. चालत्या वाक्याच्या पोटात छोटीशी कबुली खोचायला तो सोयीचा पडतो. त्याच्या पोटात 'बी इट' आधीच असल्यामुळे पुढे वेगळं क्रियापद लागत नाही. 'हाउबीइट'ला असं स्वतःचं काम कधी मिळालं नाही.

'ऑल्दो', 'दो', 'डिस्पाइट' आणि 'ऑल्बीइट' यांत फरक काय?

'ऑल्दो' आणि 'दो' यांच्यामागे पूर्ण उपवाक्य सहज येतं. 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, वी वेंट' हे बरोबर. इथे 'ऑल्बीइट' घातला तर आजच्या कानाला जड वाटतं, चॉसरला वाटलं नसतं.

'डिस्पाइट'च्या मागे नाम येतं. 'डिस्पाइट द रेन' म्हणजे 'पाऊस असूनही'. आपल्याकडे सगळ्यांत जास्त चूक इथे होते. 'ऑल्बीइट द रेन, वी प्लेड' असं लोक लिहितात, आणि हे साफ चूक आहे. आता कुणी विचारेल की 'अ व्हिक्टरी, ऑल्बीइट अ स्मॉल वन' यातही नामच आहे की. हो, आहे. पण ते नाम आधी सांगितलेल्या गोष्टीचंच वर्णन करतं. विजय, आणि तो छोटा. तुकडे उलगडून बघा : 'असो तो छोटा' जमतं. पावसाच्या वाक्यात 'असो तो पाऊस' म्हटलं तर 'तो' म्हणजे कोण? आम्ही खेळलो, पण खेळणं म्हणजे काही पाऊस नव्हे. मनातल्या मनात 'असो ते' म्हणून बघायचं. जमलं तर 'ऑल्बीइट', नाही जमलं तर 'डिस्पाइट'. ही कसोटी मला कधी दगा देत नाही.

'ऑल्बीइट बट' अशी जोडीही दिसते. ती करू नये. एकाच वाक्यात एकच कबुली दोनदा कशाला?

वाक्याच्या सुरुवातीला चालतो का? स्वल्पविराम लागतो का?

मुख्य विधान पुढे येणार असेल तर सुरुवातीला चालतो, पण सहसा तो मधे किंवा शेवटाकडे शोभतो. पूर्णविराम देऊन 'ऑल्बीइट'ने नवं अर्धवट वाक्य सुरू करणं मला खटकतं. तुकडा लांब असेल तर आधी स्वल्पविराम द्यावा, आणि वाक्य पुढे चालू राहणार असेल तर नंतरही. दोन विशेषणांच्या मधे आला तर नाही दिला तरी चालतं.

अनेकवचनी कर्ता असला तर 'इट' बदलतो का?

नाही. माणूस एक असो की शंभर, शब्द तोच. वाक्याचा शब्द झाला की त्याचे सांधे हलत नाहीत.

मराठीत मात्र सांधे अजून थोडे हलतात. 'चार का होईना, पण माणसं आली' असं आपण म्हणतो, आणि 'चार का होईनात' असंही म्हणतो. दोन्ही कानाला बरोबर वाटतात. म्हणजे 'का होईना' अजून पुरता आटलेला नाही, त्याच्यातल्या क्रियापदात अजून थोडी धुगधुगी आहे. इंग्रजीत सहाशे वर्षांपूर्वी जे घडत होतं ते मराठीत आपल्या तोंडात आज घडतंय, हे मला फार विलक्षण वाटतं.

मराठीत भाषांतर करताना 'जरी… तरी' लिहावं का?

माझ्या आवडीचा प्रश्न, म्हणून उत्तर लांबेल.

इंग्रजी-मराठी कोशात बहुधा 'जरी', 'यद्यपि', 'असे असले तरी' असे अर्थ मिळतात. ते चूक नाहीत, पण वाक्यात घातले की वाक्य शासकीय होतं. 'प्रगती होत आहे, जरी ती संथ असली तरी' हे वाक्य मराठीत कुणी बोलत नाही. 'हळूहळू का होईना, प्रगती होतेय' असं बोलतात.

'का होईना' मी आजीकडून शिकले. तिच्या तोंडात तो सतत असायचा. 'कोरडी का होईना, पण भाकरी पोटात गेली पाहिजे.' 'दोन ओळी का होईना, पण पत्र टाकत जा.' 'होईना' म्हणजे 'होत नाही', 'का' म्हणजे 'का बरं'. 'कोरडी का होईना' म्हणजे 'कोरडी झाली तर का होऊ नये, होऊ दे की'. 'असेना का'ची घडणही तीच. 'ऑल्बीइट'मध्ये 'असणे' हे क्रियापद मान्यतेच्या रूपात गोठलं, 'का होईना'मध्ये 'होणे' हे क्रियापद प्रश्नाच्या आणि नकाराच्या रूपात गोठायला लागलंय. वाटा वेगळ्या, मुक्काम एक. इंग्रजी म्हणतं 'असो', मराठी विचारतं 'का नसावं?'.

पण दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

एक, क्रम. इंग्रजीत मुख्य विधान आधी आणि कबुली मागून येते. मराठीत कबुली आधी येते आणि मुख्य गोष्ट वाक्याच्या शेवटी ठाम उभी राहते. 'अ यूजफुल, ऑल्बीइट एक्स्पेन्सिव्ह, मशीन' याचं 'उपयुक्त पण महाग यंत्र' असं केलं तर शब्द सगळे आले, पण वजन उलटं पडलं. आपल्याकडे 'पण'च्या पुढे जे येतं ते जिंकतं. इंग्रजी लिहिणाऱ्याला यंत्राच्या उपयोगाची बाजू घ्यायची होती, म्हणून 'महाग, पण उपयुक्त यंत्र' असंच लिहायला हवं. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या भाषांतरांत ही चूक इतकी असते की मी आधी तेवढीच शोधते.

दोन, 'का होईना'ला स्वतःचं मन आहे. जे झालं ते चांगलं झालं, निदान एवढं तरी झालं, असा सूर त्यात असतो. 'ऑल्बीइट'मध्ये असा कल नाही. 'अ डिफीट, ऑल्बीइट अ नॅरो वन' हे वाक्य घ्या. 'थोडक्या मतांनी का होईना, पण हरले' असं मराठी केलं तर लिहिणारा विरोधी पक्षाचा ठरतो, कारण हरण्याचा आनंद त्या 'का होईना'तून बाहेर सांडतो. तिथे 'हरले खरे, पण थोडक्या मतांनी' असं लिहावं. हा 'खरा-खरी-खरे'ही आपला एक अस्सल कबुलीचा शब्द आहे. 'हुशार आहे खरा, पण आळशी.' कोशात 'ऑल्बीइट'च्या समोर तो सहसा दिसत नाही, पण भाषांतरात तो मला फार उपयोगी पडतो.

एवढं करूनही एखाद्या वाक्यात काहीच बसत नाही. तेव्हा मी वाक्य तोडते आणि कबुली वेगळ्या छोट्या वाक्यात देते. मूळ लेखकाने काय मान्य केलं आणि काय सोडलं नाही, एवढं जपलं की शब्द सुटला तरी चालतो.

वाक्य आटून शब्द झाल्याची उदाहरणं मराठीत आणखी आहेत का?

भरपूर. 'किंबहुना' घ्या. संस्कृतात 'किं बहुना' म्हणजे 'जास्त बोलून काय?', म्हणजे 'फार काय सांगावं'. 1290 साली, शके 1212 मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या शेवटी 'किंबहुना सर्वसुखीं' येतं, तिथे हा मूळ अर्थ अजून जिवंत आहे : फार काय सांगू, सगळे सुखाने परिपूर्ण होवोत. आज आपण 'किंबहुना' हा 'उलट, त्याहून पुढे जाऊन' अशा अर्थाने वापरतो आणि आतला प्रश्न कुणाला ऐकू येत नाही.

'म्हणून' आणि 'म्हणजे' हे 'म्हणणे' या क्रियापदापासून आले. 'पाऊस आला म्हणून थांबलो' यात कुणीच काही म्हणत नाही, तरी म्हणणं तिथे आहे. 'असो' हा तर एकट्याने अख्खा परिच्छेद मिटवतो. ज्ञानेश्वरीत 'हें असो' जागोजाग आहे, आणि दाखला पुरे झाला की ज्ञानदेव त्याने पुढे सरकतात. 'असो' म्हणजे उघडच 'बी इट'. 'यद्यपि' आणि 'तथापि' यांत 'अपि', म्हणजे 'सुद्धा', बसलेला आहे.

इतर भाषांतही हेच दिसतं. लॅटिनमध्ये 'लिकेट' म्हणजे 'मुभा आहे', त्याचा पुढे 'जरी' झाला. 'क्वाम्विस' म्हणजे 'तुला हवं तितकं', त्याचाही 'जरी' झाला. संस्कृतात 'कामम्' म्हणजे इच्छेनुसार, आणि त्यावरून 'मान्य आहे की…, पण'. फ्रेंचमध्ये 'स्वा' म्हणजे 'असो', आणि त्याचाच अर्थ 'किंवा' असाही होतो. समोरच्याला आधी थोडी मोकळीक द्यायची आणि मग आपलं म्हणणं मांडायचं, ही माणसाची बोलण्याची रीत इतकी जुनी आहे की भाषेभाषेत तिचे शब्द परवानगीच्या आणि इच्छेच्या शब्दांतूनच घडलेले दिसतात.

कायद्याच्या कागदात 'ऑल्बीइट'ला काही खास अर्थ आहे का?

नाही. निकालपत्रात तो साध्या अर्थानेच येतो. कायद्यात वजन असलेले जुने जोडणारे शब्द वेगळे आहेत.

त्यांतला एक 'नॉटविथस्टँडिंग'. यातला 'विथ' हा 'सोबत' या अर्थाचा नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'विरुद्ध' असा होता, आणि 'विथस्टँड' म्हणजे 'विरोधात उभं राहणं' यात तो टिकला. 'नॉटविथस्टँडिंग' म्हणजे 'आडवं न येता'. भारताच्या संविधानातल्या अनुच्छेद 371च्या दुसऱ्या खंडाची सुरुवात याच शब्दाने होते : या संविधानात काहीही असले तरी, विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळांबाबत राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपवण्याची तरतूद राष्ट्रपतींना करता येईल. 'काहीही अंतर्भूत असले तरी' हे शब्द मराठी कायद्यात दिसले की समोर इंग्रजीत 'नॉटविथस्टँडिंग' आहे असं समजावं. तो इतर तरतुदींवर मात करतो. 'ऑल्बीइट' कशावरही मात करत नाही, फक्त कबूल करतो. मसुद्यात एकाच्या जागी दुसरा घालू नये.

दुसरा 'व्हेअरॅज'. शासकीय अधिसूचनांत 'ज्याअर्थी… त्याअर्थी' वाचलं असेल, त्यातल्या 'ज्याअर्थी'चं मूळ तो.

बोलताना वापरला तर चालेल का? परीक्षेत, अर्जात?

बोलण्यात तो जरा इस्त्री केलेला वाटतो. मित्राशी गप्पा मारताना 'दो' किंवा 'बट' पुरतो. निबंध, अहवाल, संशोधनाचा सारांश, नोकरीच्या अर्जाबरोबरचं पत्र यांत तो अगदी योग्य आहे. 'आय हॅव वर्क्ड इन दिस फील्ड, ऑल्बीइट फॉर अ शॉर्ट टाइम' या वाक्यात प्रामाणिकपणा आहे आणि गयावया नाही. पण एका पानावर एकदाच वापरावा. दुसऱ्यांदा आला की वाचणाऱ्याचं लक्ष मजकुरावरून शब्दावर जातं.

स्पेलिंग लक्षात राहत नाही. काही युक्ती?

'ऑल' मधला एक 'एल' कमी करा, मग 'बी' पूर्ण, मग 'इट' पूर्ण. लिहिताना तोंडाने 'ऑल-बी-इट' म्हणा, हात आपोआप बरोबर जातो.